भाजीत तुम्हीठ कतुम्ही: मराठी चॅटबॉटला मी-तू-तुम्ही नीट शिकवायचं कसं

भाचीला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मराठीत गप्पा मारणारा छोटासा चॅटबॉट करायचा होता, एआय वगैरे काही नाही, साधा, नियमांवर चालणारा, आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं की एका संध्याकाळचं काम आहे. बॉट तयार झाला, ताईने पहिलं वाक्य टाईप केलं, "भाजीत नेहमी मीठ कमी असतं", आणि बॉट उत्तरला, "भाजीत नेहतुम्ही तुम्हीठ कतुम्ही असतं, असं का वाटतं?" त्या दिवसापासून घरात मीठ मागताना कोणी मीठ म्हणत नाही.

त्यानंतर दोन महिने मी या सर्वनामांच्या मागे लागलो होतो. त्यातून जे हाती लागलं ते क्रमाने लिहितोय. पायथन वापरा नाहीतर आणखी काही, भाषेचा घोळ सगळीकडे तोच, त्यामुळे कोड दिलेला नाही, नियम दिलेत, ते कोडमधे उतरवायला फार वेळ लागत नाही.

माणसाचंच वाक्य उलटून त्याला परत द्यायची ही ट्रिक आहे काय ते आधी बघू. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात जोसेफ वायझेनबाऊम यांनी एलायझा नावाचा गप्पा मारणारा प्रोग्राम लिहिला, त्यावरचा त्यांचा लेख १९६६ साली आला. त्याची गाजलेली स्क्रिप्ट म्हणजे डॉक्टर, ती मानसोपचारतज्ज्ञासारखी बोलायची, म्हणजे तुमचंच वाक्य उलटं करून तुम्हाला प्रश्न म्हणून परत द्यायची. तुम्ही म्हणालात मी दुःखी आहे, तर ती विचारणार तुम्ही दुःखी का आहात. वाक्यातला महत्त्वाचा शब्द शोधायचा, बाकीचं वाक्य तोडायचं, मी चा तू आणि तू चा मी करायचा आणि ठरलेल्या साच्यात बसवायचं. समजत काहीच नाही, पण समोरच्याला वाटतं की ऐकतोय. पुढे एनएलटीके या पायथन लायब्ररीतल्या चॅटच्या भागात यासाठी रिफ्लेक्शन्स नावाची इवलीशी डिक्शनरी आली, चॅटबॉट लिहायच्या एआयएमएल या भाषेत पण सर्वनामं बदलायला टॅग आहेत. इंग्रजीत अशा पंधरा-वीस ओळींत काम बऱ्यापैकी भागतं. मी त्याच ओळी मराठीत आणल्या आणि तिथेच फसलो, कारण मराठीत "मी" हा शब्द बदलून काम संपत नाही, तो मी क्रियापदाच्या शेपटीत पण बसलेला असतो, आणि बऱ्याचदा फक्त तिथेच असतो.

पहिली पायरी: कोण कोणाला काय म्हणणार ते ठरवा

हे कोड लिहायच्या आधी करायचं. माणूस बॉटला बिनधास्त तू म्हणतो, यंत्राला कोण अहो-जाहो करणार. पण बॉटने माणसाला तू म्हटलेलं काही लोकांना झोंबतं, विशेषतः वडीलधाऱ्यांना. त्यामुळे अदलाबदल दोन्ही बाजूंनी सारखी नाही. माणसाचा मी बॉटच्या तोंडी तुम्ही होतो, पण माणसाचा तू आणि माणसाचा तुम्ही दोन्ही बॉटच्या तोंडी मी होतात. म्हणजे एकच टेबल उलटं-सुलटं वापरता येत नाही.

बॉटने तुम्हीच म्हणावं असं माझं ठाम मत आहे आणि त्याचं कारण फक्त सभ्यता नाही. तू घेतलात की लगेच बाई का बाप्या हा प्रश्न येतो: तू जातोस की जातेस, दमलास की दमलीस. तुम्ही घेतलं की दोघांनाही "जाता", दोघांनाही "दमलात". एका शब्दाने अर्धी डोकेदुखी गेली. म्हणून माणसाने अगदी "मला तू म्हण रे" म्हटलं तरी मी बॉटला तुम्हीवरून हलवलेलं नाही.

दुसरी: शब्द सुटे करा, आणि एकदाच फिरा

तुम्हीठचं कारण सोपं होतं, मी नुसतं शोधा-आणि-बदला चालवलं होतं. नेहमी, कमी, बातमी, मीटर, मीटिंग, सगळ्यांत मी आहे. तू तर वस्तूत आहे, हेतूत आहे, तूप या शब्दात आहे आणि तूरडाळीत पण आहे. मग साहजिकच वाटलं की रेजेक्समधे, म्हणजे मजकुरात नमुना शोधायच्या खुणांच्या भाषेत, शब्दाची हद्द दाखवणारी जी बॅकस्लॅश-बी ची खूण असते ती दोन्ही बाजूंना लावू. लावली. आणि बॉटने "मी" ओळखणंच बंद केलं. दीड तास गेला तेव्हा कळलं की पायथनच्या नेहमीच्या रेजेक्सला काना-मात्रा-वेलांटी हा अक्षराचा भाग वाटतच नाही. त्याच्या लेखी "मी" मधला म हे अक्षर, आणि वेलांटी ही बाहेरची कोणीतरी. मग शब्द संपतो म च्या नंतर, वेलांटीनंतर जागा आली तरी तिथे हद्द नाही, म्हणून जुळत नाही. उलट "घर" शोधलं तर ते "घरी" मधे पण सापडतं, कारण र नंतर त्याला हद्द दिसते. म्हणजे जिथे हवं तिथे नाही आणि नको तिथे आहे. जावास्क्रिप्टमधे तर ही खूण फक्त इंग्रजी अक्षरांनाच ओळखते, तिकडे आशाच सोडा.

तेव्हा सरळ जागा आणि विरामचिन्हांवर वाक्य तोडा, शब्दांची यादी करा, आणि प्रत्येक पूर्ण शब्द टेबलमधे शोधा. तोडलेली विरामचिन्हं फेकू नका, परत जोडताना लागतात.

एकदाच फिरा म्हणजे काय ते पण सांगतो. समजा नियम ओळीने चालवले, आधी मी चा तुम्ही, मग तुला चा मला, मग तुम्ही चा मी. वाक्य आलं "मी तुला सांगितलं". पहिल्या नियमाने "तुम्ही तुला सांगितलं", दुसऱ्याने "तुम्ही मला सांगितलं", इथे थांबलं असतं तर सोनं होतं, पण तिसरा नियम येतो आणि नुकताच तयार झालेला तुम्ही खाऊन टाकतो: "मी मला सांगितलं". म्हणून जुनी यादी वाचायची आणि नवीन यादी वेगळी भरायची, एकदा बदललेल्या शब्दाला परत हात लावायचा नाही.

याच्या आधी एक साफसफाई करा. दुसऱ्या, आजाऱ्या यातला तो अर्धा र दोन प्रकारे टाईप होतो, एक नुक्त्यावाल्या ऱ ने आणि एक साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडणारं चिन्ह लावून. दिसायला सारखे, कंप्युटरला वेगळे. सगळे एका रूपात आणा. लोक अनुस्वार पण खातात, "माझं" चं "माझ" आणि "केलं" चं "केल" करतात, त्यांची पण टेबलमधे सोय करा. रोमन लिपीत मराठी टाईप करणाऱ्यांसाठी आधी देवनागरीत आणणारा वेगळा भाग लागतो, तो विषय इथे काढत नाही, नाहीतर पहाट होईल.

तिसरी: टेबल

मी → तुम्ही
मला → तुम्हाला
आम्ही → तुम्ही
आम्हाला → तुम्हाला
तू, तुम्ही → मी
तुला, तुम्हाला → मला
माझ- → तुमच-
आमच- → तुमच-
तुझ-, तुमच- → माझ-

शेवटच्या तीन ओळींत शब्द नाही, शब्दाचा बुंधा आहे. माझा, माझी, माझं, माझे, माझ्या, हे सगळे एकाच बुंध्याचे, आणि पुढची शेपूट तुमच ला जशीच्या तशी लागते: तुमचा, तुमची, तुमचं, तुमचे, तुमच्या. माझ्यासाठी, माझ्याकडे, माझ्याशी, माझ्यापेक्षा, माझ्याबद्दल, हे पण फुकटात निघतात. फक्त एक अट घाला की बुंध्याच्या पुढे का, की, कं, के यांच्यासारखी मात्रा किंवा च्या मधल्यासारखं जोडाक्षरच असलं पाहिजे. नाहीतर मुंबईतला माणूस लिहितो "माझगावला राहतो" आणि बॉट म्हणतो "तुमचगावला". आमचूरचं पण तेच.

इंग्रजीवाल्यांना यात एक त्रास असतो तो आपल्याला नाही. त्यांचा यू म्हणजे तू पण आणि तुला पण, त्याचा आय (I) करायचा की इंग्रजी मी (me) हे त्यांना वाक्य बघून ठरवावं लागतं. आपल्याकडे तू वेगळा, तुला वेगळा, काही विचार करावा लागत नाही. विभक्तीचे एवढे उपकार तरी मानले पाहिजेत, शाळेत स-ला-ते घोकताना वाटलं नव्हतं कधी कामाला येतील.

मग शब्दाला चिकटणारी मंडळी: मीच, मलाही, मलासुद्धा, तूपण, तुम्हालातर. च, ही, पण, सुद्धा, देखील, तर, ना यांची यादी ठेवा, पूर्ण शब्द टेबलात सापडला नाही तर शेवटून यातलं एक काढून परत शोधा, सापडलं तर बदला आणि चिकटवा. यादीत नसलेलं काही उरलं तर हात लावायचा नाही, म्हणजे मलाईची "तुम्हालाई" होणार नाही.

चौथी: क्रियापद, खरी मारामारी इथे

आधी चांगली बातमी. मराठीत मनातलं बोलताना आपण बहुतेक वेळा मी वापरतच नाही, मला वापरतो. मला राग येतो, मला भीती वाटते, मला कंटाळा आलाय, मला झोप लागत नाही, मला आवडतं, मला जायचंय, मला नको. या सगळ्यात क्रियापद राग, भीती, कंटाळा यांच्याकडे बघून चालतं, माणसाकडे बघतच नाही. मला चा तुम्हाला केला की वाक्य तयार: तुम्हाला राग येतो, तुम्हाला जायचंय. तसंच "आई मला ओरडते", इथे पण ओरडते हे आईचं, फक्त सर्वनाम बदला: आई तुम्हाला ओरडते. म्हणून नियम असा की वाक्यात मी, आम्ही, तू, तुम्ही यांच्यापैकी कोणी सुटं असेल तरच क्रियापदाला हात लावायचा. माझ्या चाचणीच्या वाक्यांमधली कितीतरी वाक्यं इथेच सुटली.

आता मी असलेली. क्रियापद वाक्याच्या शेवटी असतं ही आपली दुसरी सोय, पण आधी शेवटचे यार, राव, ना, रे, बघ, का काढून बाजूला ठेवा, चॅटमधे लोक त्याशिवाय वाक्य संपवत नाहीत. मग शेवटचा शब्द बघा.

शेवटी तो किंवा ते असेल तर ता करा. जातो, जाते, दोन्हीचं जाता. होतो, होते चं होता, नव्हतो चं नव्हता, हे पण याच नियमात बसतात, वेगळं काही करायला नको. तोय, तेय असेल तर ताय: शोधतोय चं शोधताय.

आहे चं आहात. "जाणार आहे" चं "जाणार आहात" आपोआप होतं.

भविष्यकाळ नियमाने करायच्या नादाला लागू नका. जाईन-जाल, येईन-याल, देईन-द्याल, घेईन-घ्याल, होईन-व्हाल, करेन आणि करीन दोन्हीचं कराल. रोजच्या पंचवीस-तीस क्रियापदांची यादी हाताने करा, एका चहात होते.

भूतकाळात मात्र दोन जाती आहेत आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. मी गेलो, मी दमलो, मी विसरलो, इथे क्रियापद माणसाचं. मी चहा केला, मी भाजी केली, मी सगळं सांगितलं, इथे क्रियापद चहाचं, भाजीचं. दुसऱ्या जातीत फक्त शेवटी त लावायचा: केलात, केलीत, सांगितलंत, पोळ्या लाटल्या तर लाटल्यात. पहिल्या जातीत लो चं लात: गेलात, दमलात, विसरलात. लो शेवटी दिसला की तो मी किंवा आम्हीच असतो, तिथे डोळे मिटून लात करा.

घोळ होतो तो ले ला. "मी गेले" म्हणणारी बाई आहे, तिचं गेलात व्हायला पाहिजे. "मी आंबे खाल्ले" मधलं ले आंब्यांचं आहे, त्याचं खाल्लेत व्हायला पाहिजे. दिसायला एकच शेपूट. माझा पहिला बॉट भाचीला म्हणाला "तुम्ही कॉलेजला गेलेत" आणि ताईने विचारलं हा कुठल्या गावचा आहे. यावर उपाय म्हणजे पहिल्या जातीच्या क्रियापदांची यादी: जाणे, येणे, बसणे, उठणे, झोपणे, पडणे, रडणे, हसणे, दमणे, थकणे, कंटाळणे, घाबरणे, चिडणे, राहणे, होणे. यात काही अशी पण घाला जी व्याकरणाने कर्म घेतात पण वागतात पहिल्या जातीसारखी, म्हणजे विसरणे, शिकणे, बोलणे, म्हणणे, जेवणे, पिणे, भेटणे, जिंकणे, हरणे. यादीत असेल तर लात, नसेल तर नुसता त. माझी यादी साठच्या आसपास गेली आणि मग बरेच दिवस त्यात भर पडली नाही.

नाही आलं की त तिकडे सरकतो. "मी केलं नाही" चं "तुम्ही केलं नाहीत", "मी गेलो नाही" चं "तुम्ही गेला नाहीत". "केलंत नाही" असं कोणी बोलत नाही. पण वर्तमानातलं "मी जात नाही" हे "तुम्ही जात नाही" असंच ठेवलं तर चालतं, त्याला काही जोडू नका. लोय, लेय म्हणजे दमलोय, दमलेय वगैरे असेल तर मी "दमला आहात" असं सोडवून टाकतो, थोडं पुस्तकी वाटतं पण चुकत नाही.

तू कडून मी कडे येताना उलट, फक्त शेवटचा स काढा: आहेस चं आहे, नाहीस चं नाही, बोलतोस चं बोलतो, सांगितलंस चं सांगितलं. तेवढं दमलास चं दमला झालं की त्याचं दमलो आणि दमलीस चं दमली झालं की त्याचं दमले करावं लागतं. यात एक गंमत होते. माणूस बॉटला "तू फार बोलतोस" म्हणाला तर बॉट "मी फार बोलतो", "बोलतेस" म्हणाला तर "बोलते". म्हणजे बॉट पुरुष की स्त्री हे समोरच्यानेच ठरवलं, आपण भांडायला गेलो नाही.

आता विशेषणं. मी आहे मधे मधला शब्द पण बदलतो: एकटा आहे चं एकटे आहात, एकटी आहे चं एकट्या आहात. मी हुशारी करून नियम लिहिला की शेवटी ई असेल तर या करा. दुसऱ्याच दिवशी भाचीने लिहिलं "मी आजारी आहे" आणि बॉट म्हणाला "तुम्ही आजाऱ्या आहात?" आजारी, आळशी, दुःखी, सुखी, हे कोणासाठीच बदलत नाहीत. बदलणारी विशेषणं मोजकी आहेत, एकटा, वेडा, शहाणा, मोठा, चांगला, रिकामा, आणि लेला वाली गोंधळलेला, घाबरलेला वगैरे. त्यांची यादी करा, बाकी कोणाला शिवू नका.

आणि क्रियापदावरून माणूस पुरुष की स्त्री हे ओळखून लक्षात ठेवायच्या फंदात पडू नका. कोल्हापूरकडच्या मुली बिनधास्त "मी आलो", "मी गेलो" म्हणतात. तुमचा बॉट लगेच तिला भाऊ करून मोकळा व्हायचा.

पाचवी: मी गायब असतो तेव्हा

"दमलो यार." "काही सुचत नाहीये." "जेवले नाही अजून." यातल्या पहिल्यात आणि तिसऱ्यात मी आहे, पण लिहिलेला नाही. मराठी माणूस सर्वनाम गाळतो, क्रियापद सांगतंच ना. लो, लोय, ईन, एन या शेपट्या दिसल्या तर मी समजा, त्या दुसऱ्या कोणाच्या असू शकत नाहीत. तो, ते, ले यांच्याबाबतीत खात्री नाही, "येतो म्हणाला होता, आला नाही" यातला येतो वेगळाच. मी असं केलं की वाक्य तीन शब्दांपेक्षा मोठं नसेल आणि त्यात दुसरं कोणी माणूस नसेल तरच मी धरायचा. चुकतो कधीकधी, पण क्वचित.

लांब वाक्यं की, पण, कारण, म्हणून, आणि यांच्यावर तोडा आणि प्रत्येक तुकड्याचा मी वेगळा बघा. "मी घरी आहे पण आई बाहेर आहे", तोडलं नाही तर आईचं पण "बाहेर आहात" होतं. यात एक खड्डा आहे, "मी पण दमलो". इथला पण तोडायचा नाही, तो सुद्धा वाला पण आहे. सर्वनामाच्या लगेच पुढे पण आला तर न तोडता पुढे जा.

सहावी: आपण, एक स्वतंत्र प्रकरण

आपण भेटूया, यात तू आणि मी दोघं. आपण कोण आहात, यात तुम्ही, आदराने. "आपण काय घाबरत नाय", हे मुंबईचं, यात फक्त मी. "आपल्याला काय फरक पडत नाही" मधे पण मीच. शिवाय "तो आपल्या घरी गेला" मधलं आपल्या त्याचं स्वतःचं. एक शब्द, चार माणसं. क्रियापदावरून थोडं कळतं, आहात किंवा लात असेल तर बॉटला उद्देशून आहे, ऊया असेल तर दोघं. मी दोन दिवस खपून नियम लिहिले आणि मग सगळे खोडले. आता आपण दिसला की बॉट अदलाबदल करतच नाही, पुढे सांगतो तो अवतरणाचा मार्ग धरतो.

आणि बॉटच्या स्वतःच्या साच्यांमधे तर आपण अजिबात घालू नका. "आपली तक्रार नोंदवली आहे" हे वाचताना एक क्षण कळत नाही की कोणाची. सरळ तुमची लिहा, कोणी रागावत नाही.

सातवी: बॉट स्वतः कोण?

"मी आपल्याला कशी मदत करू शकतो?" हे वाक्य तुम्ही शंभर ठिकाणी वाचलं असेल आणि ते भाषांतर आहे हे लांबून कळतं. शिवाय शकतो की शकते हा प्रश्न. बॉटला उगाच पुरुष किंवा बाई करायचं नसेल तर मराठीत त्यासाठी भरपूर वाटा आहेत. भविष्यकाळ, मी सांगेन, मी बघेन, यात लिंग नाही. दुसऱ्या जातीचा भूतकाळ, मी ऑर्डर लिहून घेतली, मी शोधलं पण सापडलं नाही, यात पण नाही. परवानगी मागा, सांगू का, परत पाठवू का. मला वापरा, मला कळलं, मला नीट समजलं नाही. नाहीतर आम्ही, "आम्ही कळवतो" हे दोघांनाही चालतं. टाळायचं ते फक्त मी सांगतो/सांगते, मी समजलो/समजले, मी आलो/आले. आणि मदतीच्या वाक्याला साधं "बोला, काय हवंय?" एवढं पुरतं, दुकानदार हेच म्हणतो.

तिसऱ्या माणसाबद्दल विचारताना हीच युक्ती. माणसाने बॉसचं गाऱ्हाणं सांगितलं, पुढे विचारायचंय, तर तो की ती की त्या? "त्यांच्याबद्दल अजून सांगा." त्यांच्या मधे सगळे मावतात, बाप्ये, बाया, एक, अनेक, मान पण राखला जातो, आणि भाऊ चं भावाबद्दल, मुलगा चं मुलाबद्दल हे सामान्यरूपाचं झंझट पण वाचतं. माणसांच्या शब्दांची एक यादी ठेवा म्हणजे झालं, नाहीतर बाईक पंक्चर झाली तर बॉट अगदी अदबीने त्यांच्याबद्दल चौकशी करतो.

आठवी: शंका आली की उलटं करूच नका

हे मला सगळ्यात शेवटी सुचलं आणि खरं तर पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना आपण ते जसंच्या तसंच सांगतो. "तो म्हणाला मी येतो", इथे येणारा तो आहे, तरी आपण मी म्हणतो आणि सहसा कोणाचा गोंधळ होत नाही. मग बॉटने पण तेच करावं:

"'आपल्याला काय फरक पडत नाही' असं म्हणालात, पण खरंच नाही पडत?"

सर्वनाम नाही, क्रियापद नाही, लिंग नाही, काहीच बदललेलं नाही, आणि वाक्य अस्सल मराठी आहे. माझ्या बॉटमधे आता असं आहे की वाक्य सात-आठ शब्दांच्या आत असेल, शेवटचा शब्द ओळखीच्या यादीत असेल आणि त्यात आपण नसेल तरच उलटं करायचं. बाकी सगळं अवतरणात. अवतरणाचे साचे मात्र पाच-सहा ठेवा, नाहीतर तो कोर्टात साक्ष वाचून दाखवतोय असं वाटतं. खूपच लांब असेल तर फक्त शेवटचा तुकडा उचला.

"मी काय करू?" आणि "मी जाऊ का?" यांना पण उलटं करू नका. समोरच्याने सल्ला मागितलाय, त्याला त्याचाच प्रश्न फेकून मारणं बरं दिसत नाही. त्यासाठी वेगळे साचे: "तुमच्या मनात काय आहे?", "कोणाशी बोललात का याबद्दल?" मी आधी "तुम्ही काय करावं असं वाटतं?" असं ठेवलं होतं, भाची म्हणाली मामा हे तर आईसारखं बोलतंय.

तपासायला एक फाईल करा, एका ओळीत वाक्य, पुढच्या ओळीत अपेक्षित उत्तर, आणि कुठलाही नियम बदलला की सगळी फाईल चालवा, कारण लात चा नियम सुधारताना नाहीत चा मोडतो हे मी तीनदा अनुभवलंय. माझ्या फाईलमधली काही:

मी तुला विचारलं → तुम्ही मला विचारलंत
मी पण दमले → तुम्ही पण दमलात
माझ्या भावाने मला फसवलं → तुमच्या भावाने तुम्हाला फसवलं
तू माझं ऐकत नाहीस → मी तुमचं ऐकत नाही
मी पोळ्या केल्या नाही → तुम्ही पोळ्या केल्या नाहीत
भाजीत नेहमी मीठ कमी असतं → भाजीत नेहमी मीठ कमी असतं

या फाईलमधे एक वाक्य गेले कित्येक दिवस अपेक्षित उत्तराशिवाय पडून होतं. भाचीने टाकलेलं, "आई म्हणते मी येते". यात येणारी आई आहे का भाची? भाची म्हणते दोन्ही होऊ शकतं, आईला विचारलं तर ती म्हणाली मी कुठे येतेय. शेवटी नियम घातला की वाक्यात म्हणतो, म्हणते, म्हणाला, म्हणाली, म्हणतात यातलं काही दिसलं आणि त्याच्यानंतर मी आला तर बॉटने कशालाही हात न लावता एवढंच विचारायचं, "म्हणजे कोण येतंय?"